घोंगडीची दुहेरी घडी: नफ्स, नम्रता आणि खुल्दाबादचे बुऱ्हाणुद्दीन गरीब

धागाकर्ता: रौजेकर

वेरूळची लेणी पाहायला येणारे फार थोडे लोक घाट चढून खुल्दाबादला येतात. आले तरी औरंगजेबाची कबर पाहून परत फिरतात. ती कबर ज्या दर्ग्याच्या आवारात आहे तो शेख झैनुद्दीन शिराझींचा. त्यांचे पीर, म्हणजे गुरू, शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा समोरच आहे. आजचा धागा या बुऱ्हाणुद्दीनांवर आहे. सूफी म्हटलं की आपल्याकडे कव्वाली, गिरक्या आणि प्रेमाच्या ओळी एवढंच डोळ्यांपुढे येतं. त्यामागची शिस्त किती कडक होती हे मला त्यांच्या एका प्रसंगातून कळलं.

बुऱ्हाणुद्दीन हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे मुरीद, म्हणजे शिष्य. गियासपूरच्या खानकाहात, म्हणजे निजामुद्दीनांच्या सूफी मठात, स्वयंपाकाची व्यवस्था ते पाहत. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसं दौलताबादेला हलवली, त्या लोंढ्यात ते दख्खनेत आले आणि १३३७ मध्ये इथेच वारले. बुऱ्हाणपूर शहराला नाव त्यांचंच. त्यांचा दिल्लीतला एक प्रसंग 'सियर-उल-औलिया' या चौदाव्या शतकातल्या चरित्रग्रंथात आहे.

वय सत्तरीच्या आसपास. जमिनीवर नुसतं बसवेना, म्हणून घरी ते आपली घोंगडी दुहेरी घडी घालून तिच्यावर बसू लागले. लोक भेटायला येत, बोलणं ऐकत. कुणीतरी जाऊन निजामुद्दीनांच्या कानावर घातलं: बुऱ्हाणुद्दीन आता गादी घालून शेखांसारखे बसतात. पुढच्या वेळी बुऱ्हाणुद्दीन खानकाहात आले तेव्हा पीर त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. ते खाली जमातखान्यात (सगळ्यांच्या बैठकीच्या दालनात) येऊन बसले, तर मागोमाग सेवकाच्या हाती निरोप आला: इथे थांबू नका, निघा.

आयुष्यभर ज्या दारात सेवा केली त्या दारातून म्हातारपणी असं बाहेर पडावं लागलं. घरी त्यांचा शोक असा चालू होता की लोक समाचाराला यावेत तसे येऊ लागले. निजामुद्दीनांचे लाडके शिष्य, कवी अमीर खुसरो यांनी रदबदली केली, ती चालली नाही. मग एक दिवस खुसरो स्वतःचा फेटा सोडून गळ्यात घालून, अपराधी उभा राहतो तसे, पीरांपुढे उभे राहिले. निजामुद्दीन हसले आणि विचारलं, हे काय? खुसरोंनी बुऱ्हाणुद्दीनांसाठी माफी मागितली. मग दोघेही गळ्यात फेटा घालून आले, आणि बुऱ्हाणुद्दीनांनी नव्याने बैअत (शिष्यत्वाची शपथ) केली. म्हणजे सत्तरीत पुन्हा पहिल्या दिवसाचे शिष्य झाले.

हे वाचून पहिल्यांदा रागच येतो. पाठ दुखणाऱ्या म्हाताऱ्याने घोंगडी दुमडली तर काय बिघडलं? पण निजामुद्दीनांच्या स्वतःच्या तरुणपणात काय घडलं होतं ते शेजारी ठेवून पाहा. हा दुसरा प्रसंग त्यांनी स्वतःच सांगितला आहे आणि अमीर हसन सिज्झींनी 'फवाइद-उल-फुआद'मध्ये लिहून ठेवला आहे. (हसन सिज्झी निजामुद्दीनांच्या बैठकीतलं बोलणं १३०८ ते १३२२ अशी सुमारे चौदा वर्षं टिपत राहिले. तेही पुढे दौलताबादेला आले, त्यांची कबरही खुल्दाबादेतच आहे. ज्यांच्या लेखणीमुळे हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं त्यांच्या कबरीकडे जाणारी माणसं दिवसाला दोनचारही नसतील, याचं वाईट वाटतं.)

अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टणला, निजामुद्दीनांचे पीर बाबा फरीद हे सुहरावर्दींचा 'अवारिफ' हा सूफी ग्रंथ शिकवत होते. समोरची प्रत बारीक अक्षराची आणि चुकांची होती, वाचताना त्यांना अडखळावं लागे. विशीतले निजामुद्दीन पटकन बोलून गेले, की शेख नजीबुद्दीनांकडे याची चांगली प्रत आहे. नजीबुद्दीन म्हणजे बाबा फरीदांचे सख्खे धाकटे भाऊ. बाबा म्हणाले, "या दरवेशात चुकीची प्रत दुरुस्त करण्याची ताकद नाही का?" आणि हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. निजामुद्दीनांना आधी उमगलंच नाही की रोख आपल्यावर आहे. शेजारच्याने सांगितलं तेव्हा डोक्यावरचं काढून पायांवर पडले. उपयोग झाला नाही. रडत रानात गेले, एका विहिरीच्या काठावर उभे राहून जीव देण्याचा विचार केला, मग मागे फिरले. शेवटी बाबांच्या मुलाने मध्यस्थी केली. दुसऱ्या दिवशी बाबा फरीदांनी बोलावून सांगितलं: हे मी तुझ्या पूर्णत्वासाठी केलं, पीर म्हणजे मुरीदाला नटवणारी मश्शाता, नवरीला सजवणारी बाई.

दोन्ही प्रसंगांत चूक कशी आहे पाहा. दोघांनीही पाप केलेलं नाही, चोरी नाही, खोटं नाही. एकाने खरी आणि उपयोगी माहिती सांगितली. दुसऱ्याने दुखऱ्या अंगाला आधार दिला. तरीही पीरांना त्यात काहीतरी डोकं वर काढताना दिसलं: हुशार शिष्याचं 'मला माहीत आहे' आणि ज्येष्ठ शिष्याचं 'आता मीही कुणीतरी आहे'.

माणसातल्या या 'मी'ला सूफी नफ्स म्हणतात. कुराणात त्याच्या तीन अवस्था येतात: वाईटाकडे ओढणारा (१२:५३), स्वतःला दोष देणारा (७५:२) आणि शांतावलेला (८९:२७). त्यावरून पुढच्यांनी सात पायऱ्यांपर्यंत मांडण्या केल्या, त्यात मी शिरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते असं. उघड वाईट वागणाऱ्या माणसाचा नफ्स सगळ्यांना दिसतो, त्यालाही दिसतो. नमाज, उपास, सेवा, विद्वत्ता यांच्या आड बसलेला नफ्स मात्र ज्याचा त्याला दिसत नाही, कारण तो धर्माचीच भाषा बोलतो. म्हणून चिश्तींनी, म्हणजे निजामुद्दीनांच्या सूफी परंपरेने, तो ओळखण्याचं काम साधकाच्या एकट्याच्या हाती सोडलं नाही, आणि परीक्षा मोठ्या त्यागाची न घेता घोंगडीच्या घडीची घेतली. मोठा त्याग करायला नफ्सही आनंदाने तयार होतो, कारण लोक पाहत असतात.

तुम्हाला काय वाटतं? मतभेद असतील तर ते आधी लिहा.

---

तर्कनिष्ठ

रौजेकर, लिहिलंय मनापासून, पण मला दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत. पहिलीत आजारी म्हाताऱ्याचा अपमान आहे, आणि तोही चहाडीवर विश्वास ठेवून, त्याला न विचारता. दुसरीत पोरगा विहिरीत उडी घ्यायला निघाला होता. घेतली असती तर 'पूर्णत्वासाठी केलं' हे कोणाला सांगणार होते?

आपल्या राज्यात बाबाबुवांनी काय काय केलं हे वर्तमानपत्रात वाचतोच. प्रत्येक ठिकाणी पहिलं वाक्य हेच असतं: तुझा अहंकार मोड, माझ्यापुढे वाक. वाकलेल्याचं पुढे काय होतं हे वाकवणाऱ्याच्या हेतूवर अवलंबून. अशा गोष्टी गौरवून सांगताना ही जबाबदारी विसरू नये असं प्रामाणिकपणे वाटतं.

---

चंद्रभागा

छान धागा. आमच्याकडे वारी आहे, त्यामुळे वाचताना सारखी तीच आठवत होती. वारीत भेटेल त्याच्या पाया पडायचं असतं. मी पडतो, तोही माझ्या पडतो. सत्तरीचे कीर्तनकार बुवा विशीतल्या टाळकऱ्याच्या पाया पडतात. यात वाकणारा आणि वाकवणारा असे दोन पक्षच उरत नाहीत. तर्कनिष्ठ यांच्या शंकेवर हा एक तोडगा आहे असं मला वाटतं.

आणि दौलताबाद-खुल्दाबादचा विषय निघालाच आहे तर चांद बोधलेंचं नाव घ्यायलाच हवं. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद या दोघांचेही ते गुरू, असं परंपरा सांगते. शेख महंमद कादिरी सूफी परंपरेतले, मराठीत ओव्या लिहिणारे आणि वारकऱ्यांनी संत म्हणून मानलेले. त्यांच्या 'योगसंग्राम'मधला संग्राम आतलाच आहे. तेव्हा नफ्सशी झुंज हा विषय मराठीला तीनचारशे वर्षं ओळखीचा आहे.

---

रौजेकर

चंद्रभागा, चांद बोधलेंची आठवण दिलीत, आभार. त्यांच्यावर वेगळा धागा व्हायला हवा.

तर्कनिष्ठ, आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. वाकवणाऱ्याची नियत कशी ओळखायची? मी एवढंच पाहतो की वाकवून त्याला मिळालं काय. निजामुद्दीनांच्या खानकाहात रोज शेकडो माणसं जेवत. दर शुक्रवारी नमाजाला जाण्याआधी कोठार रिकामं करून झाडून घ्यायचा त्यांचा नियम होता. शिल्लक ठेवायची नाही. स्वतः संध्याकाळी उपास सोडताना एखादी भाकरी आणि थोडी कारल्याची भाजी. पहाटे सहरीला पुढे केलेलं अन्न बहुतेक वेळा परत जाई, कारण मशिदींच्या कोपऱ्यांत आणि दुकानांच्या ओट्यांवर किती जण उपाशी झोपलेत हे आठवलं की घास उतरत नसे. सुलतान अलाउद्दीन भेटायला येऊ पाहत होता, तर यांनी कळवलं: माझ्या घराला दोन दारं आहेत, सुलतान एका दारातून आला तर मी दुसऱ्याने निघून जाईन. ज्याला पैसा, मान, सत्ता यांतलं काही नको त्याने शिष्याला रागावणं आणि ज्याला सगळंच हवं त्याने रागावणं, यात फरक आहे.

यामुळे तुमची विहिरीची शंका फिटत नाही, हे मला मान्य आहे. तो प्रसंग मलाही अजून टोचतो.

---

ओटीवरची

मी बरीच वर्षं हे मंडळ नुसतं वाचत आले, आज लिहिते आहे.

रौजेकर दादा, स्वयंपाक, झाडलोट, उष्टी काढणं, गप्प राहणं, बोलणी ऐकून घेणं, हे सगळं तुमच्या सूफींच्या शिस्तीत आहे. आमच्या घरांतल्या बायका हेच पिढ्यान् पिढ्या करत आल्या. त्यांचा नफ्स विझला का? माझ्या आजीचं तर उलट झालं. तिला 'मी' म्हणायला कधी मिळालंच नाही, आणि म्हातारपणी ती सगळी उणीव सुनांवर निघाली. ज्याला कधी मान मिळाला नाही त्याला नम्रता शिकवणं मला क्रूर वाटतं. हे सूफींनी ओळखलं होतं का? की त्यांच्या गोष्टी फक्त पुरुषांच्या आहेत?

---

बसरा ते बगदाद

ओटीवरची ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मला जमेल तसं उत्तर देतो.

या कठोर शिस्तीच्या गोष्टी कुणाच्या आहेत ते पाहा. इब्राहीम बिन अदहम बल्खचा राजपुत्र. शिबली सरकारी हाकिम. गझाली बगदादच्या निजामिया मदरशाचे प्रमुख उस्ताद. म्हणजे औषध ज्यांना दिलं ते सगळे मानाने फुगलेले लोक.

शिबलींची गोष्ट सूफी संतांची चरित्रं लिहिणाऱ्या फारसी कवी अत्तारांनी सविस्तर दिली आहे. शिबली सूफी गुरू जुनैद बगदादींकडे आले. (जुनैद वारले ९१० मध्ये.) जुनैद म्हणाले, एक वर्ष गंधक विक. विकलं. म्हणाले, यात धंदा आहे, नावही होतं. आता एक वर्ष बगदादेत भीक माग. शिबली गल्ली गल्ली फिरले, कुणी काही घातलं नाही. परत येऊन सांगितलं तेव्हा जुनैद म्हणाले, आता कळली ना तुझी किंमत? लोकांच्या नजरेत तू काहीच नाहीस, तर त्यांच्यात मन गुंतवू नकोस. मग सांगितलं, ज्या प्रांतात तू अधिकार गाजवलास तिथे जा आणि लोकांची माफी माग. शिबली दारोदार गेले. एकच माणूस सापडला नाही, त्याच्या नावाने त्यांनी एक लाख दिरहम वाटले, तरी मन शांत झालं नाही. त्यात चार वर्षं गेली. मग पुन्हा वर्षभर भीक, आणि आणलेलं सगळं जुनैद इतर दरवेशांना वाटून टाकत, शिबली रात्री उपाशी. मग वर्षभर सोबत्यांची सेवा. शेवटी विचारलं, आता स्वतःला कसा पाहतोस? शिबली म्हणाले, देवाच्या लेकरांत सगळ्यात धाकटा.

ताई, मला यात माफी मागण्याची चार वर्षं सगळ्यात मोठी वाटतात. भीक मागून फक्त स्वतःचा अहंकार उतरतो. माफी मागायला गेलं की ज्याचं नुकसान केलं त्याचा मान त्याला परत मिळतो. ज्यांना दाबलं गेलं त्यांना 'आणखी वाका' असं या गोष्टीत कुणीच सांगत नाही.

आणि बायकांबद्दल. राबिया बसरी (निधन ८०१) गुलामीतून सुटलेली बाई. तिच्या गोष्टींत तिला कुणी नमवत नाही, बसऱ्याचे मोठे मोठे धर्मपुरुष तिच्याकडून दोन गोष्टी ऐकून जातात. दिल्लीत बीबी फातिमा साम होत्या, बाबा फरीदांच्या काळातल्या. त्यांच्याबद्दल बोलताना निजामुद्दीन म्हणाले होते: रानातून सिंह बाहेर पडला की तो नर की मादी हे कुणी विचारत नाही. त्यांच्या कबरीपाशी ते जाऊन बसत.

---

ओटीवरची

माफी मागण्याबद्दलचं पटलं. असं कुणी कधी आमच्या आजीकडे येऊन केलं असतं तर बरंच काही वेगळं झालं असतं. पण खानकाहांच्या चुली बायकांच्या हाती नव्हत्या, पुरुष सेवा म्हणून रांधत होते, हेही लक्षात घ्या. पुरुषाने वर्षभर रांधलं की साधना, आणि बाईने जन्मभर रांधलं की काहीच नाही, ही तफावत तशीच राहते.

---

दूरदेशी

काही वर्षं तुर्कस्तानात राहिलो, त्यामुळे चुलीचा विषय निघाल्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कोन्याला मौलाना रूमींचा दर्गा आता संग्रहालय आहे. (१९२५ मध्ये तुर्कस्तानने सगळे सूफी मठ कायद्याने बंद केले.) तिथे जुनं स्वयंपाकघर जपलं आहे, त्याला मतबख म्हणत. रूमींच्या पंथाचा, म्हणजे मौलवी पंथाचा, दरवेश व्हायचं तर १००१ दिवस या स्वयंपाकघरात सेवा करावी लागे. आलेल्या उमेदवाराला पहिले तीन दिवस दाराजवळ मेंढीच्या कातड्यावर गुडघे दुमडून नुसतं बसवत. बोलायचं नाही, समोर काय काम चालतं ते पाहायचं. तीन दिवसांनंतरही राहायचं असेल तर अठरा दिवस स्वतःच्याच कपड्यांत पडेल ती धावपळ करायची. मग दरवेशाचा झगा मिळे आणि खरी सेवा सुरू होई. कामांचे अठरा प्रकार होते: बाजारहाट, दिवे, सुफरा (जेवणाचं दस्तरखान) मांडणं, जोडे लावून ठेवणं, संडास साफ करणं. जो टिकणार नाही असं ठरे त्याला तोंडावर काही सांगत नसत. त्याचे जोडे टोकं बाहेरच्या दिशेला करून ठेवत. तो समजून निघून जाई.

पर्यटक ज्या गिरक्या पाहायला तिकीट काढतात, त्यासुद्धा याच स्वयंपाकघरात शिकवल्या जात. लाकडी फळीच्या मधोमध खिळा असे, डाव्या पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात तो धरून फिरायचं. कातडी सोलू नये म्हणून मीठ टाकत. हे पाहिल्यावर मला त्या नाचाकडे पूर्वीसारखं पाहता आलं नाही.

आणखी एक. कोन्यात रूमींच्या काळातल्या आचाऱ्याची, आतशबाज वलींची, स्वतंत्र कबर आहे (निधन १२८५). लोक तिथून चिमूटभर मीठ घरी नेतात. रांधणाऱ्याला 'वली' म्हणून मान मिळाल्याचं असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. ओटीवरची ताईंचा मुद्दा यामुळे खोडला जात नाही, तोही पुरुषच होता. पण रांधणं हे खालचं काम, ही समजूत तिथे तरी मोडली होती.

---

दापोलीकर

आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत नफ्स हा शब्द पुस्तकातून आलेला नाही, रोजच्या बोलण्यातला आहे. पोरगं हट्टाला पेटलं की आजी म्हणायची, नफ्सचं ऐकू नको.

ती माहिमच्या मखदूम बाबांची गोष्ट सांगायची. मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) मोठे आलिम (धर्मविद्वान), कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारे. पण गोष्ट लहानपणची: रात्री आईने पाणी मागितलं, भांडं भरून आणेपर्यंत तिला झोप लागली, तर हे भांडं हातात धरून पहाटेपर्यंत तसेच उभे. तिने डोळे उघडून पाहिलं आणि दुआ दिली. घरोघर सांगितली जाणारी आख्यायिका आहे, पण त्यातली शिस्त आम्ही खरी मानतो.

अजून एक चाल सांगतो. आमच्याकडे दर्ग्यात झाडू मारायचा नवस बोलतात. चादर चढवायला ऐपत लागते, झाडू कुणीही मारू शकतो. परगावी शिकून मोठ्या पगारावर गेलेली मुलं सुट्टीत येऊन आवार झाडतात. कुणी फोटो काढू लागलं की आमचे चाचा ओरडतात. ओरडणं बरोबरच आहे असं वाटतं.

---

तर्कनिष्ठ

दूरदेशी यांचा प्रतिसाद आवडला. १००१ दिवस, ठरलेली कामं, ठरलेला क्रम, नापास झाला तर अपमान न करता निरोप. इथे नियम सगळ्यांना आधीच माहीत आहेत. माझा आक्षेप लहरीला आहे, शिस्तीला नाही. घोंगडीच्या गोष्टीत नियम कुठे होता?

आणि एक प्रश्न. ज्याला पीर नाही, करायचाही नाही, नोकरी-संसार आहे, अशा माणसाला या सगळ्यातून काय घेता येईल? की पीराशिवाय दारच बंद?

---

बसरा ते बगदाद

दार बंद नाही. याच प्रश्नाला इमाम गझालींनी सरळ उत्तर दिलं आहे, त्यांच्या 'इह्या' या ग्रंथातल्या नफ्सच्या तालमीवरच्या प्रकरणात. स्वतःचे दोष ओळखायला ते चार वाटा सांगतात. जाणत्या शेखापुढे बसणं ही पहिली. तो नसेल तर खरं बोलणारा मित्र धरावा आणि त्याला आपल्यावर नजर ठेवायला सांगावं. तिसरी वाट शत्रूची जीभ: गोड बोलणाऱ्या मित्रापेक्षा दोष काढणारा वैरी जास्त उपयोगाचा, कारण तो काही लपवत नाही. चौथी, लोकांत मिसळावं आणि दुसऱ्यात जे खुपेल ते आपल्यात शोधावं. चारपैकी तीन वाटांना पीर लागत नाही.

गझालींचं ऐकावं कारण ते स्वतः यातून गेले होते. १०९५ मध्ये, कीर्तीच्या शिखरावर असताना, त्यांना वर्गात शिकवता येईना. शब्दच फुटेना, अन्न उतरेना, वैद्यांनी हात टेकले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की आत पाहिलं तेव्हा दिसलं, आपण शिकवतो ते देवासाठी नाही, नाव आणि मान मिळावा म्हणून. पद सोडलं, दमास्कसला गेले, तिथल्या उमय्यद मशिदीच्या मिनारात दार लावून बसत. 'इह्या' हा त्या काळातला ग्रंथ.

बायजीद बिस्तामींची एक गोष्ट त्यांनी दिली आहे, ती या धाग्यावर यायलाच हवी. एक प्रतिष्ठित माणूस म्हणाला, तीस वर्षं दिवसा उपास आणि रात्री नमाज करतोय, पण तुम्ही बोलता त्यातलं काही मला मिळालं नाही. बायजीद म्हणाले, तीनशे वर्षं केलंस तरी मिळणार नाही, तू स्वतःच आड येतोस. उपाय विचारला. म्हणाले, डोकं-दाढी उतरव, अंगावरचे चांगले कपडे काढ, गळ्यात अक्रोडांची पिशवी अडकव आणि बाजारात पोरांना सांग, एक थप्पड मारेल त्याला एक अक्रोड. आणि ओळखीच्या लोकांच्या गल्लीतून जा. तो माणूस उद्गारला, "सुबहानल्लाह! हे मला सांगता?" बायजीद म्हणाले, हे सुबहानल्लाह तू देवासाठी म्हटलंच नाहीस, स्वतःच्या मोठेपणासाठी म्हटलंस.

देवाचं नाव घेता घेता माणूस स्वतःचा जयजयकार करतो, हे इतकं नेमकं पकडलेलं मी इतरत्र वाचलेलं नाही.

---

चंद्रभागा

ही गोष्ट वाचून थांबलो. कीर्तनाला लोकांनी वाहवा केली की आपण 'माउलींची कृपा' म्हणतो. म्हणताना मन कुठे असतं, ते आता तपासावं लागेल.

---

रौजेकर

तर्कनिष्ठ, तुमच्या संसारी माणसाच्या प्रश्नाला चिश्तींकडेही उत्तर आहे. निजामुद्दीनांचे वारस नसीरुद्दीन चिराग-ए-देहली. अवधला त्यांच्याकडे लोकांची इतकी वर्दळ होई की साधना होईना. खुसरोंकरवी त्यांनी पीरांकडे परवानगी मागितली, की रानात किंवा डोंगरावर जाऊन एकांतात राहू का. निरोप आला: लोकांतच राहायचं, त्यांचा त्रास सोसायचा आणि त्याच्या बदल्यात चांगलं वागायचं. निजामुद्दीन वेगळ्या प्रसंगी म्हणाले होते, की समोरचा नफ्सने बोलला तर तुम्ही हृदयाने बोला, म्हणजे भांडण संपतं. नफ्सला नफ्सने उत्तर दिलं तर त्याला अंतच नाही. यासाठी खानकाह लागत नाही. ऑफिस, सोसायटीची बैठक, भावाभावांतली वाटणी, सगळीकडे ही तालीम करता येते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात अवघड.

नसीरुद्दीनांवर म्हातारपणी एका कलंदराने (भटक्या फकिराने) खोलीत घुसून सुरीने वार केले. रक्त मोरीतून बाहेर आलं तेव्हा शिष्यांना कळलं. त्यांनी त्याला हात लावू दिला नाही. उलट वार करताना तुझ्या हाताला लागलं तर नाही ना, असं विचारून पैसे दिले आणि सोडलं. पैठणच्या नाथांवर थुंकणाऱ्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे, तिच्या शेजारी ही ठेवा.

आता पीराच्या अधिकाराबद्दल. १३५६ मध्ये अंत जवळ आला तेव्हा शिष्यांनी वारस नेमायला सांगितलं आणि योग्य माणसांची यादी पुढे केली. यादी पाहून नसीरुद्दीन म्हणाले, यांना सांगा, स्वतःच्या ईमानाचं ओझं वाहिलं तरी पुष्कळ, दुसऱ्याचं कुठे उचलायला जाता? कुणालाही नेमलं नाही. पीरांकडून आलेला खिरका (सूफी झगा), काठी, जपमाळ, लाकडी वाडगा आणि खडावा आपल्याबरोबर पुरायला सांगितलं. बाबा फरीदांनी निजामुद्दीनांना रागावलं, निजामुद्दीनांनी बुऱ्हाणुद्दीनांना, आणि त्याच साखळीतल्या पुढच्या माणसाने गादीच कुणाला दिली नाही. दुसऱ्याचा नफ्स घडवण्याचा अधिकार किती धोक्याचा आहे हे त्यांना कळत होतं, असं मी यातून घेतो. म्हणून तुमचा आक्षेप मला बाहेरून आलेला वाटत नाही.

---

तर्कनिष्ठ

नसीरुद्दीनांची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. सांगितलीत, आभारी आहे. निजामुद्दीनांनी घोंगडीवरून जे केलं ते मला अजूनही अन्याय्य वाटतं, आणि बहुधा वाटत राहील. पण गादी न देणाऱ्या माणसाविषयी आदर वाटला. गझालींच्या चार वाटांपैकी तिसरी मला जमण्यासारखी आहे, दोष काढणारे भरपूर आहेत.

पुढच्या महिन्यात संभाजीनगरला काम आहे. रौजेकर, तुम्ही तिकडचे असाल तर हसन सिज्झींची कबर नेमकी कुठे आहे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी तिथे जाईन म्हणतो.

---

रौजेकर

व्यनि केला आहे. सकाळी लवकर या, दुपारी दगड तापतो. मी सोबत येतो.